हात धुऊन कॉम्प्युटरला बसणारे इनासभाऊ

ये गं जेनी, इकडे जवळ बस, आणि तो मोबाइल आधी खाली ठेव. मगाशी बघत होते मी. स्क्रीनवर काही आलं की तू वाचतसुद्धा नाहीस, अंगठ्याने हो, हो, हो करत सुटतेस. विरारच्या फ्लॅटला दोन कुलपं लावतेस ना? मग इथे कोण विचारतंय, कशासाठी विचारतंय, एवढं तरी बघावं माणसानं. रागावत नाही मी. तुझी ही मावशीसुद्धा अशीच होती. मला वळण लावलं ते इनासभाऊंनी. तू त्यांना कधी पाहिलं नाहीस, म्हणून सांगते.

इनासभाऊ कॉम्प्युटरला हात लावण्याआधी हात धुवायचे. उगाच पाण्याखाली धरून नाही, साबण लावून, मनगटापर्यंत. मग खिशातला स्वतःचा रुमाल काढून एकेक बोट पुसायचे. काम संपलं की पुन्हा तेच. पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, जेवायला बसतायत की काय. मी विचारलं, तर म्हणाले, "सिसिलबाय, हात धुवायला जातो तेवढ्या वेळात डोकं शांत होतं. घाईने हात घातला की आधी पुरावा पुसला जातो."

इथे गिरीज गावातच, आमच्यापासून दोन वाड्या सोडून त्यांचं घर. अंधेरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं मशीन दुरुस्त केलेला माणूस. कॉम्प्युटर शिकले ते निवृत्त झाल्यावर, कुणी न शिकवता. पांढरा शर्ट, सायकल, कानावर पेन्सिल आणि शाळेतल्या पोरांसारखी एक वही. प्रत्येक मशीनचं वहीत वेगळं पान.

आता माझ्या मशीनचं. मी सातवी शिकलेली बाई, साठीला टायपिंग शिकले ते कशासाठी, तुला माहीत आहे. आपल्या म्हाताऱ्यांची लग्नातली गाणी. घरोघर फिरून मी ती रेकॉर्ड केली आणि ऐकून ऐकून टाइप केली. त्रेसष्ट गाणी. गाणाऱ्यांतल्या निम्म्याअधिक बायका आता सिमेटरीत आहेत. ती गाणी त्या एका कॉम्प्युटरमध्ये होती, दुसरीकडे कुठेही नाही. नक्कल काढायची असते हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

एके सकाळी मी कॉम्प्युटरसमोर पावटे सोलत बसले होते. टाइप काहीच करत नव्हते, तरी वरच्या कॅमेऱ्याचा बारीक दिवा लागला. थोड्या वेळाने विझला, परत लागला. मी त्यावर टेबलक्लॉथ टाकला आणि पावटे घेऊन स्वयंपाकघरात गेले. दुसऱ्या दिवशी होळी गावातून माझ्या मैत्रिणीचा, फिलूचा फोन. म्हणाली, "सिसिल, तुझं पत्र आलंय कॉम्प्युटरवर, सोबत फाइल आहे. उघडू?" मी कसलंच पत्र पाठवलं नव्हतं.

तेव्हा इनासभाऊंना बोलावलं. हात धुऊन आले आणि पहिलं काम काय, तर इंटरनेटची वायर उपटली. "आता बोलू दे त्याला भिंतीशी," म्हणाले. मग मशीन बाजूला ठेवून मलाच विचारत बसले. काय नवीन घातलं? कोणी दिलं? कधी? मला वाटलं, डॉक्टर पेशंटला सोडून नातेवाइकांनाच तपासतोय. पण ते कंटाळले नाहीत, वहीत लिहीत राहिले. फुकटात मिळालेला एक टायपिंगचा प्रोग्राम, एवढंच नवीन निघालं.

मग आत शिरले. मशीन सुरू होताना आपोआप काय काय सुरू होतं ती यादी काढली आणि पेन्सिलीने एकेका नावाखालून गेले. एका नावाशी थांबले. "हे बघ. नाव मशीनच्या घरच्यांचं लावलंय, आणि झोपतंय ओट्यावर. घरचा असता तर आत खोलीत असता." कॉम्प्युटरच्या स्वतःच्या प्रोग्रामसारखं नाव घेऊन कुणी परकं बसलं होतं, भलत्याच फोल्डरमध्ये. त्यातून बाहेरचा माणूस हवा तेव्हा आत येत होता, कॅमेरा लावत होता, माझ्या नावाने पत्रं पाठवत होता. इनासभाऊंनी ते काढून टाकलं. मशीन बंद करून सुरू केलं, तर ते परत हजर.

"याने स्वतःला परत बोलवायची सोय करून ठेवलीय," ते म्हणाले. "एक सोय मला दिसली. दुसरी असेल तर? जे मी पाहिलं नाही ते स्वच्छ आहे असं मी सांगणार नाही. सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून भरायचं."

मी म्हटलं, पुसायचं नाही. त्या बायका पुन्हा गायला येणार नाहीत.

ते वाद घालत बसले नाहीत. घरी जाऊन एक नवी डिस्क आणि स्वतःचा पेनड्राइव्ह घेऊन आले. माझं मशीन त्या पेनड्राइव्हवरून सुरू केलं, म्हणजे आतला पाहुणा झोपलेलाच राहतो म्हणे. गाणी आणि माझं लिखाण, एवढंच डिस्कवर उतरवलं, प्रोग्राम एकही नाही. मला वाटलं झालं. तर म्हणाले, "प्रत काढली म्हणजे प्रत आहे असं नसतं. उघडून बघितली म्हणजे आहे." आणि चार सकाळी माझ्या ओट्यावर बसून, स्वतःच्या लॅपटॉपवर, त्यांनी त्रेसष्ट गाणी पहिल्या ओळीपासून शेवटच्या खोकल्यापर्यंत ऐकली. मी म्हटलं, सुरुवात वाजली तर पुढचंही असेलच की. "शेवट तुटलेला असू शकतो," म्हणाले, आणि हेडफोन परत कानाला लावला.

एकेचाळिसावं गाणं त्यांच्या आईचं होतं. नवरीला तेल लावताना म्हणायचं. म्हातारी जाण्याच्या आदल्या उन्हाळ्यात मीच ते रेकॉर्ड केलं होतं. त्यांनी कधी मागितलं नव्हतं, मी कधी दिलं नव्हतं. त्या दिवशी ते मध्येच उठून नळावर हात धुऊन आले.

चौथ्या दिवशी मी म्हटलं, आता पुसा. तर वही उघडून बसले. "आधी सांग, हा पाहुणा ज्याच्या पोटात बसून आला, तो फुकटचा टायपिंगचा प्रोग्राम तुझ्याकडे कशातून आला?"

गाण्याच्या मंडळातल्या पेनड्राइव्हमधून आला होता. कुणी आणला ते आता कुणालाच आठवत नाही. आपल्याकडे विरजण कसं मागच्या दाराने या घरातून त्या घरात जातं, तसा तो पेनड्राइव्ह फिरायचा. प्रोग्राम बसवताना मशीनने तीनदा विचारलं होतं, मी तीनदा हो म्हटलं होतं. आणि मग मीच तो पाच घरी नेऊन दिला होता. वर सांगितलंही होतं, घाला बिनधास्त.

"मग पाच घरी जाऊन सांगून ये," इनासभाऊ म्हणाले. "मग पुसतो."

"मीच सांगू? म्हणतील, सिसिलने घाण आणली."

"म्हणतीलच. ऐकून घे. तुझं एकटीचं साफ केलं तर महिन्याभरात तेच विरजण फिरून तुझ्या घरी येईल."

त्यांनी कानावर पेन्सिल ठेवली आणि चहा पीत बसले. मी चपला घातल्या. गिरीजला तीन घरं, भुईगावला एक, शेवटचं होळीला फिलूचं. भुईगावच्या बाईने दारातूनच परत पाठवलं, अजून नीट बोलत नाही. फिलूने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तरी म्हटलं, तू दिलेलं विरजण कधी धड लागत का नाही." हसलो दोघी. पण घरी येईपर्यंत माझे कान गरम होते.

मग त्यांनी माझं मशीन पुसलं, पहिल्यापासून भरलं, गाणी परत ठेवली. पासवर्ड माझ्याकडून माझ्या मोबाइलवरून बदलून घेतले, त्या मशीनवरून नाही. नंतर सायकल काढून पाचही घरी गेले. भुईगावलासुद्धा. तिथे त्यांना चहा मिळाला.

गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपासकाळात इनासभाऊ गेले. दोन दिवस ताप आला एवढंच निमित्त. मातीनंतर आठवड्याने त्यांच्या सुनेने ती वही मला आणून दिली, म्हणाली यात तुमचं पान आहे. त्रेसष्ट ओळी, प्रत्येकीपुढे एकच शब्द, 'चालतं'. फक्त एकेचाळीसपुढे लिहिलंय, 'तीन वेळा तपासलं. चालतं.'

वही माझ्या कपाटात आहे, डिस्क तिच्या शेजारी. तू नुसता फोनवर फोन करतेस, नाहीतर अशी उभ्या उभ्या येऊन जातेस. पुढच्या रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर सरळ इकडेच ये, तुझा लॅपटॉप घेऊन. त्यात काय काय आपोआप सुरू होतं ते बघू, आणि मग एकेचाळिसावं गाणं शेवटपर्यंत ऐकू. लवकर ये. साबण नळावरच ठेवलेला असतो.