देवासमधला दोन फुटी समुद्र

आईला देवासला आणायचं हे बाबा गेले त्याच वर्षी ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. आईने काही ठरवलं नव्हतं. वेंगुर्ल्याच्या बाजूला आमचं गाव, ओसरीवर बसलं की माडांमधून समुद्र दिसतो, आणि त्या घरात ती एकटी. फोनवर मी विषय काढला की तिचं पालुपद ठरलेलं: "तिथे समुद्र नाही गो. मी येऊन काय करू? भिंती बघू?"

मी तिचीच मुलगी, हट्टाला कमी नाही. एकदा चिडून म्हटलं, "समुद्र घरात आणते. मग येशील?"

ती हसली. "आण. मग बघू."

झालं. आता माघार कसली?

लग्न होऊन मी माळव्यात आले त्याला अर्धं आयुष्य होत आलं. सासर पिढ्यानपिढ्या इथलंच. कोणी पूर्वज राजांच्या फौजेबरोबर आला आणि राहिला. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भाजीवाल्याशी वाद घालायचा असेल तर माळवी. मला इथे काही कमी नाही, खोटं कशाला बोलू? माणसं गोड, पोहेसुद्धा गोड. पण आई जवळ हवी होती. चहा टाकताना एक कप जास्त टाकावा आणि तिने "पाणचट केलास" म्हणून तोंड वाकडं करावं, एवढंच हवं होतं मला.

आणखी एक सल होता. बाबा होते तोवर माहेराहून निघताना आई माझी ओटी भरायची. तांदूळ, नारळ, खण. बाबा गेले आणि तिने हात आखडला. विधवेने सवाष्णीची ओटी भरू नये म्हणे! आता ती शेजारच्या काकूंना हाक मारते आणि आपण दाराआड जाऊन उभी राहते. मी किती भांडले. "माझी आई तू आहेस की ती काकू?" म्हटलं. ऐकेल तर शपथ. काकूंचा तो नारळ मी दर वेळी रागारागाने पिशवीत कोंबते.

तर समुद्र. माझं काम एका दवाखान्याच्या लॅबमध्ये. जन्मभर लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा पाणी तपासायला मी काय घाबरणार होते? इंदूरच्या दुकानातून दोन फुटांची काचेची टाकी आणली, पांढरी वाळू आणली, भोकाभोकांचे दगड आणले, लाटा उठवणारा छोटा पंप आणला. समुद्राचं म्हणून वेगळं मीठ मिळतं, ते आणलं. घरातलं मीठ चालत नाही. यजमान म्हणाले, "यार, मीठ तो मीठ होतं." मी म्हटलं, तुम्ही बँकेत जा.

खरा भडका उडाला तो पाण्यावरून. आमच्या सासूबाई धारच्या. साडेबारा तलावांच्या गावची लेक, आणि सून होऊन आल्या देवासला, जिथे एके काळी पिण्याचं पाणी रेल्वेने आणावं लागलं होतं. त्या दिवसांत डाळ धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं पाणी झाडांना, असा त्यांनी संसार केलेला. आणि त्यांच्यासमोर मी आरओचं स्वच्छ पाणी बादलीत भरून त्यात मुठीमुठीने मीठ ओतत होते!

"सूनबाई, तुम्ही शुद्धीवर आहात ना?" त्या म्हणाल्या. "गोड्या पाण्यात मीठ कालवता? पाप लागेल हो, पाप."

"माझ्या आईसाठी आहे," मी म्हटलं. माझ्या आईला त्या विहीणबाई म्हणतात आणि त्यांचा मानही फार ठेवतात, त्यामुळे तोंडाने गप्प झाल्या. पण आरओमधून वाया जाणारं पाणी त्या दिवसापासून त्यांनी टबात धरायला सुरुवात केली. त्याने आमची फरशी अशी लखलखायला लागली की विचारू नका.

टाकी भरली तरी मासा लगेच सोडता येत नाही. आधी दगडात आणि वाळूत जिवाणू वसावे लागतात, नाहीतर माशाची घाण माशालाच मारते. महिनाभर तरी नुसते दगड आणि पाणी बघत बसायचं. मी रोज लॅबमधून आले की चहाच्या आधी नळीत पाणी घ्यायची, औषधाचे थेंब टाकायची, घाण किती ते रंगावरून बघायची. हिरवा आला की तोंड पडायचं, पिवळा आला की हुरूप. शेजारची भाभी येऊन टाकीत डोकावली. "मछली कहाँ है?" यजमान गंभीरपणे म्हणाले, "भाभीजी, हम पत्थर पाल रहे हैं."

मग वाळूवर तपकिरी शेवाळाची बुरशीसारखी साय आली. मी घाबरले. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, आने दो, अपने आप जाएगी. आणि खरंच गेली. मग गोगलगाई आल्या, बटणाएवढ्या तोंडांचं एक प्रवाळ आलं, गवतासारखं डुलणारं एक हिरवं प्रवाळ आलं, आणि शेवटी पांढऱ्या पट्ट्यांचा एक नारिंगी मासा. दुकानदार पिशवी बांधता बांधता म्हणाला, "दीदी, टेन्शन नहीं लेना. ये टैंक में ही पैदा हुआ है. समंदर देखा ही नहीं इसने."

मी आईला फोटो पाठवला. खाली लिहिलं: आला समुद्र. आता बोल.

होळीनंतर यजमान जाऊन तिला घेऊन आले. दारात आधी दिसला तो त्यांच्या हातातला तेलाचा पाच लिटरचा कॅन. "ये संभाल," ते मला म्हणाले, "तुझ्या मम्मीने रस्ताभर मांडीवर घेऊन बसवलं मला. खाली ठेवू दिला नाही."

कॅनमध्ये समुद्राचं पाणी होतं. आई म्हणाली, "तू म्हणालीस पाण्यात मीठ घालतेस. म्हटलं विकतचं मीठ कशाला? आपलंच घेऊन जाऊ."

आता तिला काय सांगू? किनाऱ्याचं पाणी असं टाकीत ओतत नाहीत. त्यात काय जंतू असतील, काय घाण असेल. माझा एवढ्या खटपटीने बसवलेला संसार एका दिवसात मोडायचा. मी गोड बोलून कॅन टाकीखालच्या कपाटात ठेवला. आईने ते पाहिलं.

मग ती टाकीसमोर उभी राहिली. बोट बुडवलं, चाटलं. "मीठ बरोबर पडलंय," आमटीला म्हणावं तसं म्हणाली. बटणांचं प्रवाळ बघून म्हणाली, "असली आमच्या खडपात ढिगाने असतात. पायाला चिकटतात मेली." मासा बघून म्हणाली, "एवढ्याशात कुणाचं कालवण व्हायचं?" सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मलाही हसू आलं, पण आत कुठेतरी खट्टू झाले.

तरी ती रमली, असं मला वाटलं. दोघी म्हाताऱ्या दुपारी कूलर लावून टाकीपुढे बसायच्या. सासूबाई धारचे तलाव सांगायच्या, आई वादळं सांगायची. काचेवर मी मार्करने एक रेघ मारली होती. माळव्याचा उन्हाळा कोरडा, पाणी रोज रेघेखाली जायचं आणि मी रोज त्यात आरओचं पाणी घालायची. आईला याचं फार नवल. "समुद्रात गोडं पाणी?"

"अगं, उडतं ते नुसतं पाणी. मीठ आतच राहतं. वरून पुन्हा खारं घातलं तर मासा मरेल."

"असं," ती म्हणाली. आणि मी मनातल्या मनात चहाचे कप मोजायला लागले, पावसाळ्यातले, दिवाळीतले, पुढच्या वर्षातले. वेडी कुठली.

एका दुपारी मी लॅबमधून आले तर आई एकटीच टाकीपुढे. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मिरगाच्या आत मला गेलं पाहिजे. घर शाकारायचं राहिलंय."

"गड्यांना फोन करते. ते शाकारतील."

"आणि मी?"

"तू इथे राहा ना. समुद्र आणला की नाही तुझ्यासाठी?"

ती माशाकडे बघायला लागली. तो आपला या काचेपासून त्या काचेपर्यंत, आणि परत. "याला गाज नाही, वास नाही," ती म्हणाली. "आणि या बिचाऱ्याला विचारलं होतंस का, यायचंय का म्हणून?"

"आई, तो टाकीतच जन्मलाय. त्याने समुद्र पाहिलेलाच नाही."

"म्हणून गप आहे," आई म्हणाली. "मी पाहिलाय ना पण."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतक्या वर्षांची तिडीक होती ती, त्या दिवशी जागा मिळाली. "मीही पाहिला होता, आई! मला विचारलं होतं का कुणी? देवास नकाशात कुठे आहे हे तरी माहीत होतं का तुम्हाला? उचलली आणि दिली! आणि मी राहिले. आता तू चार महिने माझ्यासाठी राहू शकत नाहीस? मला समुद्र-बिमुद्र काही नको. मला तू हवी आहेस."

आतल्या खोलीत सासूबाईंच्या बांगड्यांचा आवाज थांबला. आई खाली बघत होती.

"नाही विचारलं," ती म्हणाली. "मलाही कुणी विचारलं नव्हतं. पण मला दिली ती पलीकडच्या वाडीत. तुला लांब दिली. तू गेलीस तशी मी रोज ओसरीवर बसते ती समुद्र बघायला नाही गो. वाट तिथूनच येते घराची."

ती उठली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "तिथे बसले की तू येशील असं वाटतं. इथे बसून कुणाची वाट बघू? तू तर समोरच असतेस, आणि सकाळी गेलीस की संध्याकाळी येतेस. ते घर बंद झालं की तुला माहेर कुठलं?"

यजमानांनी तिकिटं काढली.

निघायच्या दिवशी मला लॅबमधून अर्धा दिवसच सुट्टी मिळाली. दुपारी धावतपळत घरी आले, दारातूनच पिशव्या उचलल्या, आईला आणि यजमानांना उज्जैनला गाडीत बसवून दिलं. गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, "माशाला जप." मला म्हणाली नाही, स्वतःला जप. मला त्याचा रागच आला.

घरी आले आणि टाकीसमोर थबकले. पाणी रेघेच्या कितीतरी वर, काठाला टेकलेलं. थोडं गढूळ. बटणांचं प्रवाळ मिटलेलं, मासा दगडामागे. कपाट उघडं. आणि मोरीत तो तेलाचा कॅन धुऊन पालथा घातलेला.

"हे कोणी केलं?" मी ओरडलेच.

"विहीणबाईंनी," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"बसले नव्हते. स्टूल धरून उभी होते. पडल्या असत्या तर?"

मी कपाळाला हात लावला. गोड्या पाण्यात मीठ घातलं म्हणून पाप म्हणणाऱ्या या बाईने स्टूल धरलं होतं! "अहो, मासा मरेल. तिला सांगितलं होतं मी, खारं पाणी वरून घालायचं नाही."

"मीही सांगितलं," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, सूनबाई रागावतील. तर म्हणाल्या, रागावू दे. नारळाला मी हात लावत नाही, पण समुद्राच्या पाण्याला कसला आलाय दोष? एवढी वर्षं पोरीची ओटी भरायची राहिलीय माझ्या हातून."

मी टाकीपुढे जमिनीवर बसले. मग सवयीने उठले, नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पिवळा. मीठ तपासलं, थोडं चढलं होतं. अर्धी टाकी बदलायला हवी होती, दुकानदाराला विचारलं असतं तर त्यानेही तेच सांगितलं असतं. काचेजवळ तोंड नेलं तर वास आला. इतके दिवस कॅनमध्ये कोंडलेला, ओल्या रेतीचा, जाळ्यांचा, आमच्या बंदराचा कुबट वास.

मासा दगडामागून बाहेर आला आणि काठाशी जाऊन, नव्या पाण्यात, तोंड उघडमीट करत राहिला.

"बदलणार का पाणी?" सासूबाईंनी विचारलं.

मी मान हलवली, नाही म्हणून. आणि मग जी रडायला लागले ती थांबेना. सासूबाईंनी उठून माठातलं पाणी आणून दिलं.