माझं तोंड सोललं तो आठवडा

माझं तोंड मी एकदा, चांगला शुद्धीवर असताना, स्वतःच्या पायांनी परभणीला जाऊन सोलून घेतलं. भांडणात कुणी सोललं असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. पण तसं काही नव्हतं. ह्या प्रकाराला केमिकल पील म्हणतात. मी पाथरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. आम्ल कातडीवर पडलं की काय होतं, हे पोरांना फळ्यावर लिहून देणारा माणूसच तोंडाला आम्ल लावून घ्यायला नंबर लावून बसला होता.

माझा चेहरा आधी कसा होता ते सांगायला पाहिजे. कॉलेजात असताना गालावर पुटकुळ्या आल्या आणि मी त्या सगळ्या फोडल्या. एकीलाही माफ केलं नाही. त्यांच्या जागी खड्डे राहिले आणि खड्ड्यांच्या कडेनं काळे डाग. मित्र म्हणायचे, "याच्या गालावरून एसटी नेली तर मागच्या सीटवरचे उडतेत." मीही हसायचो. हसलं की खड्डे आणखी खोल दिसतात, हे मला फार उशिरा कळलं.

दहावीच्या परीक्षेला सेलूच्या केंद्रावर माझ्यासोबत एक मॅडम होत्या. चारठाण्याच्या शाळेत मराठी शिकवायच्या, घर सेलूतच. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधताना त्यांचं लक्ष गेलं ते माझ्या डाव्या अंगठ्याकडं. तिथं प्रयोगशाळेत सांडलेल्या आम्लानं भाजल्याचा चिंचोक्याएवढा पांढुरका डाग आहे.

"सर, हे काय झालं?"

"विज्ञान झालं," मी म्हणालो.

त्या हसल्या, आणि माझ्या हातातल्या गठ्ठ्याची गाठ सुटली. त्यापुढं मी त्या केंद्रावर जी काही चुकीची बेरीज केली, तिचं मूळ कारण हे.

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी त्या चारठाण्याहून जीपनं देवगाव फाट्याला उतरायच्या, सेलूची गाडी धरायला. मी पाथरीहून मोटारसायकलवर निघून, सेलू मागं टाकून, उलटा फाट्यावर जायचो. सेलूत भेटायची सोय नव्हती, तिथं त्यांच्या वडलांना सगळं गाव ओळखायचं. फाट्याचं बरं असतं, जो तो आपापल्या गाडीची वाट बघत असतो, दुसऱ्याकडं बघायला कुणाला सवड नसते. हॉटेलच्या बाकड्यावर आमचे दोन चहा यायचे, त्यातला माझा बिनसाखरेचा. असं वर्षभर चाललं. एकमेकांशिवाय जमणार नाही असं दोघांनाही वाटायला लागल्यावरसुद्धा आम्ही सर आणि मॅडमच म्हणत होतो. दुसरं काही म्हणायला गेलो की दोघांनाही हसू यायचं.

एका शनिवारी त्या सांगायला लागल्या, "बाबांनी मोबाईलमधी परीक्षेच्या केंद्रावरचा तुमचा फोटो बघितला. म्हणले, मानूस बरा दिसायलाय, पण आजारी हाय का?"

त्या हसून सांगत होत्या आणि मीही हसलो. घरी आल्यावर मात्र आरशासमोर उभा राहिलो. त्यांचे वडील काही चूक बोलले नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सेलूला जाऊन त्यांना रीतसर विचारायचं असं आमचं ठरलं होतं. हाताशी वेळ होता. मॅडमना काही न सांगता चेहरा दुरुस्त करून घ्यायचा आणि सुट्टीत एकदम समोर जाऊन उभं राहायचं, असा बेत मी आखला.

परभणीच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी माझा गाल भिंगातून पाहिला. म्हणाल्या, "उन्हाळा लागलाय. हे थंडीत करू."

"मला ऊन लागतच नाही बाई. दिवसभर वर्गात असतो."

"पुढं काही लग्नकार्य, कार्यक्रम?"

"छे, छे."

दोन्ही उत्तरं खोटी. एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

बाईंनी नीट समजावून सांगितलं. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. आम्ल ती पकड सैल करतं. मग तो थर भिंतीच्या जुन्या रंगासारखा पोपडे धरून पडतो आणि खालून नवी कातडी वर येते. "तुमच्या पाथरीकडं ऊसच ऊस. हे आम्ल उसातसुद्धा असतं," असंही म्हणाल्या. डाग फिके होतील, पण एका वेळेत नाही. मधे काही आठवडे सोडून पुन्हा पुन्हा यावं लागेल. खोल खड्डे ह्यानं भरणार नाहीत, त्याला दुसरे उपाय.

"एकदाच जोरात लावून टाका ना बाई."

"आपली कातडी सावळी, सर. जोर केला की ती चिडते. आणि चिडली की पहिल्यापेक्षा काळी पडते."

आधी काही दिवस रात्री लावायला एक मलम दिलं, कातडी तयार करायला. मग बोलावलं. तोंड पुसून घेतलं, डोळ्यांवर ओला कापूस, ओठांच्या कोपऱ्यांना व्हॅसलीन, आणि एका चपट्या ब्रशनं रंग द्यावा तसं आम्ल फिरवलं. पहिल्यांदा थंड लागलं. मग मुंग्या आल्या. मग त्या मुंग्या मिरचीच्या कांडपातून आल्यासारख्या झाल्या. बाई छोटा पंखा धरून बसल्या होत्या आणि कातडी किती लाल होते ते बघत होत्या. पुरे वाटल्यावर त्यांनी वरून आम्ल मारणारं दुसरं पाणी लावलं आणि आग एकदम ओसरली.

"उदासिनीकरण!" मी डोळे मिटूनच ओरडलो.

"काय झालं?"

"काही नाही बाई, धडा आहे."

निघताना त्यांनी दहा वेळा सांगितलं. दोन दिवस तोंड आवळल्यासारखं वाटेल. मग सोलायला लागेल. ओढायचं नाही, खाजवायचं नाही, घासायचं नाही, त्याचं ते पडू द्यायचं. गरम पाणी नको, दाढी नको, हळद नको, लिंबू नको. ऊन तर अजिबात नको. बाहेर पडायचंच झालं तर उन्हाचं मलम लावून, तोंड झाकून.

सगळं त्या म्हणाल्या तसंच झालं. आधी कपाळ उन्हात वाळवलेल्या कुरडईसारखं ताठ झालं. मग तोंडाच्या कडेनं सोलायला सुरुवात झाली, उकडलेल्या बटाट्यासारखी. आईनं ताट वाढताना पाहिलं आणि पळी तिच्या हातात तशीच राहिली.

"आगं बया! कात टाकायलास का काय रे?"

"औषध हाय आई ते."

"कुण्या येड्यानं दिलं? ये इकडं, हळद-साय लावते."

हळद-साय मी लावू दिली नाही, तेवढी अक्कल शिल्लक होती. पण गाल असे अर्धे सुटलेले, अर्धे चिकटलेले मला बघवेना. बुधवारी सकाळी न्हाणीत आईची टाचा घासायची वजरी दिसली. गरम पाण्यानं तोंड भिजवलं आणि वजरी फिरवली. अगदी हलक्या हातानं, शपथ. पोपडे निघाले. त्यांच्याबरोबर खालची, अजून तयार नसलेली कातडीही निघाली. दुपारपर्यंत दोन्ही गालांवर लालभडक चट्टे उठले आणि त्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी आधी वजरी हा शब्द मला दोनदा म्हणायला लावला. मग मलमाचं नाव सांगून म्हणाल्या, "आता खपली धरेल. तिला तरी हात लावू नका."

आणि गुरुवारी मॅडमचा फोन आला.

"सर, नांदेडचं स्थळ रविवारी बघायला यायलंय. बाबांनी परस्पर ठरवलं. माझं काही ऐकायले न्हाईत."

"मग?"

"मग काय? सुट्टीपर्यंत थांबता येत न्हाई आता. परवा फाट्यावर या. तिथून माझ्यासंगं घरी चला आणि बाबांना समोर बसून सांगा. तुमी बोललात तर ते ऐकतील. यायलात ना?"

"येतो की."

"नक्की? न्हाई आलात तर मी काय ते समजून घेईन. मग फोन करून कारणं सांगू नका."

त्याच वेळी सांगायला पाहिजे होतं की मॅडम, माझं तोंड सोललंय, हसू नका. एवढं वाक्य. मी म्हणालो, "कारणं कशाला सांगीन?"

शनिवारपर्यंत लाल चट्ट्यांवर तपकिरी खपल्या धरल्या होत्या. आरशात बघून मी हिशेब मांडला. फोटो बघून ज्यांनी आजारी आहे का विचारलं, ते हे तोंड बघून काय विचारतील? मी जायचं ठरवलं. मग न जायचं ठरवलं. शेवटी दोन्ही ठरवलं. माझी काळी गाडी त्या लांबूनच ओळखायच्या, म्हणून ती घरी ठेवून शेजारच्या दूधवाल्याची गाडी मागून घेतली, कॅनसकट. तोंडाला दस्ती गुंडाळली, वरून टोपी, डोळ्यांवर गॉगल. आमच्याकडं उन्हाळ्यात सगळेच रुमालानं तोंड बांधून फिरतात, त्यामुळं कुणी ओळखायचा प्रश्न नव्हता. जवळ जाऊन बघू, हिंमत झाली तर दस्ती काढू, असं मी स्वतःला सांगितलं.

त्या बाकड्यावर बसल्या होत्या. मोरपंखी साडी, जी त्या शाळेत नेसत नसत. घरी सोबत जायचं म्हणून नेसलेली. मी रस्त्याच्या ह्या बाजूला, लिंबाच्या सावलीत गाडी उभी केली. हॉटेलवाल्याचा आवाज इथपर्यंत येत होता.

"मॅडम, चहा एक देऊ का दोन?"

"दोन. एक बिनसाखरेचा."

त्यांनी त्यांचा चहा प्यायला. दुसऱ्यावर साय धरली. पाथरीकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडं त्या मान वर करून बघत होत्या. माझा हात दोनदा दस्तीच्या गाठीपर्यंत गेला. गाठ पक्की होती असं म्हणायला मला आवडलं असतं. गाठ अगदी सैल होती.

मग त्या उठल्या आणि रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडं आल्या. मी हँडल घट्ट धरलं.

"दादा, पाथरीकडून आलात का?"

मी मान हलवली. बोललो असतो तर आवाजानं सापडलो असतो.

"रस्त्यात एखादी काळी मोटारसायकल बंद पडलेली दिसली का?"

मी नकारार्थी मान हलवली.

त्या थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या. उन्हात. सावलीत माझ्या बाजूला जागा होती तरी. मग "बरं" म्हणाल्या आणि परत गेल्या. सेलूची जीप आली. चढताना हॉटेलवाल्याला काहीतरी म्हणाल्या. जीप गेली आणि हॉटेलवाला कप घेऊन माझ्याकडं आला. "मॅडमनी सांगितलं, त्या दूधवाल्या दादाला द्या, उन्हाचे थांबलेत."

चहा घ्यायला मी दस्ती काढली. हॉटेलवाल्यानं माझं तोंड पाहिलं आणि कप हातात न देता बाजूच्या दगडावर ठेवला. चहा थंड होता. सगळा प्यायलो.

नांदेडचं स्थळ पक्कं झालं. पत्रिका शाळेच्या पत्त्यावर आली, सगळ्या स्टाफच्या नावानं. त्या लग्नाला आमचा सगळा स्टाफ गेला. मी उन्हात जायचं नाही म्हणून घरी राहिलो. त्या वेळी मात्र डॉक्टरीणबाईंचं तंतोतंत ऐकलं.

थंडीत मी पुन्हा परभणीला गेलो आणि राहिलेल्या सगळ्या वेळा पूर्ण केल्या. कुणासाठी ते विचारू नका. वजरीनं उठलेले चट्टेही हळूहळू गेले, डाग फिके झाले. आता नवा शिक्षक म्हणतो, सर, तुमची स्किन चांगली आहे. आई म्हणते, "आता तरी कुणाला दाखव ते." मी अजून तिच्याच हातचं जेवतो.

मधे निवडणुकीच्या प्रशिक्षणाला परभणीला गेलो होतो. मी पाठमोरा उभा राहून सही करत होतो. मी डावखुरा. मागून आवाज आला, "सर, चांगले हायत का?"

त्यांची बदली पुन्हा आपल्या जिल्ह्यात झाली होती. पोरगी शाळेत जाते म्हणाल्या. त्यांच्या दोन्ही गालांवर बाळंतपणानंतर येतात तसे तपकिरी वांग आले होते. मला ते लगेच दिसले. असल्या बाबतीत आता माझी नजर तयार आहे.

"मागून कसं ओळखलंत?" मी विचारलं.

"अंगठ्यावरून." मग म्हणाल्या, "त्या दिवशी पण अंगठ्यावरूनच ओळखलं होतं. हातमोजे घालायचे राहिले होते तुमचे."

मी अंगठा मुठीत घेतला.

"तुमची गाडी बंद पडली न्हवती हे मला दिसत न्हवतं का? म्हणलं, काहीतरी विचारावं. आता तरी काढतील दस्ती. मग म्हणलं, जाऊ दे, ह्यांचं ठरलेलं दिसतंय."

मग मी सांगितलं. सगळं, उसापासून वजरीपर्यंत. वजरीला त्या इतक्या हसल्या की पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. डोळे पुसता पुसता त्यांचं हसू थांबलं, पण डोळे पुसणं थांबलं नाही.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"मग दाखवायचं ना. मी काय बाबा होते?"

आत माईकवरून सगळ्यांना बसायला सांगत होते. त्यांनी पदर सारखा केला आणि एकदम शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "त्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता द्या बरं मला. हे वांग काही जायले न्हाईत."

मी पत्ता सांगितला. वर सगळ्या सूचनाही सांगितल्या. थंडीत जा. बाई काय विचारतील त्याचं खरं उत्तर द्या. वांग हट्टी असतात, पुन्हा येतात, ऊन जपावं लागतं. सोलायला लागलं की हात लावू नका, त्याचं ते पडू द्या. तो आठवडा तोंड फार वाईट दिसतं, घाबरू नका.

"आणि त्याच आठवड्यात कुठं जायचं निघालं तर?" त्यांनी विचारलं.

"तर तशाच जा, मॅडम," मी म्हणालो.