नवरीचा शब्द

कवठे येमाईत कुणाचंही लग्न निघालं की चुडा भरायला नजमुन्निसाच लागायची. बांगड्या विकणाऱ्या मन्याराची सून ती. तिच्या हातून बांगडी पिचली असं कुणी म्हणायचं नाही. पण तोंड? तोंड भलतंच फटकळ. आणि त्या वर्षी, दोन हजार दोनच्या एप्रिलात, तर ती नुसती धुमसत होती.

कारण तिची रुबी. पोरीला ऐकू कमी यायचं. कानाला मशीन लावून, बोलणाऱ्याच्या ओठांकडं बघून ती नववीपर्यंत आली, नववी पासही झाली. आणि वर्गशिक्षिका प्रतिभाबाईंनी सांगितलं काय, तर "दहावीला शाळेत नको. सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून परीक्षा देऊ दे." म्हणजे पोरगी नापास झाली तरी शाळेचा शंभर टक्के निकाल शाबूत! आहे की नाही गंमत? नजमुन्निसानं हात जोडले, नुसता पुढचा बाक मागितला. बाई म्हणाल्या, "वर्गात साठ पोरं आहेत. एकीसाठी सगळ्यांना थांबवू का? मला असल्या मुलांचं ट्रेनिंग नाही. बहिऱ्यांच्या शाळेत घाला."

बहिऱ्यांची शाळा काय गावच्या वेशीत होती? ती पार पुण्याला!

मे महिन्यात त्याच प्रतिभाबाईंचं लग्न निघालं आणि चुड्याचा सांगावा आला. नजमुन्निसा गेली. मांडवात बायका गोळा झालेल्या. तिनं बाईंचा हात हातात घेतला, बोटं चोळून मऊ केली, हिरव्या बांगड्या एकेक करून चढवल्या. शेवटी रिवाजाप्रमाणे नवरी पाया पडायला वाकली, तशी तिनं पाय मागं घेतले.

"ऱ्हाऊ द्या, बाई. माझ्या पोरीला दारातनं हाकलायची आन् माझाच आशीर्वाद घ्यायचा व्हय? न्हाई द्यायची मी!"

नवरीला आशीर्वाद नाकारणं म्हणजे केवढा अपशकुन! नवरीची आई अनसाबाई तरातरा पुढं आली. सगळ्यांना वाटलं, आता ही नजमुन्निसाच्या झिंज्या धरतेय. पण ती कडाडली लेकीवरच.

"धनगराच्या पोरीला कशाला शाळा, मेंढरं राखू दे, आसं म्हणत हुता तुझा मास्तर! तवा मी शाळेत जाऊन भांडले, म्हणून तू बाई झालीस. इसरली व्हय गं भवाने?"

प्रतिभाबाई रडकुंडीला आल्या. "जूनमध्ये रुबीला दहावीत बसवते, चाची. पहिल्या बाकावर. शब्द देते."

नजमुन्निसाचं काळीज विरघळलं. तिनं तोंड भरून आशीर्वाद दिला, वर नवरीची दृष्ट काढून कडाकडा बोटं मोडली.

जूनमध्ये ती रुबीला घेऊन शाळेत गेली, तर वर्गावर नवीन मास्तर. प्रतिभाबाई सासरी दौंडला गेल्या, तिकडच्याच शाळेत लागल्या. त्यांचा शब्द इथं कुणाला ठाऊकच नव्हता. नजमुन्निसानं कपाळ बडवून घेतलं. अख्ख्या जन्मात गावच्या पोरींना चुडा भरून सासरी धाडलं, आणि विसंबली ती नवरीच्याच शब्दावर! आपल्याइतकं खुळं माणूस पंचक्रोशीत नसेल, असं तिला झालं. स्वतःचाच असा राग आला की अंगाची लाही लाही झाली.

"बाईंनी कबूल केलं असेल, मी नाही," मास्तर म्हणाले. "उद्या निकाल घसरला तर जाब मला विचारतात."

"निकाल घाला चुलीत!" तिनं रुबीचा दंड धरला, पहिल्या बाकावरच्या पोरींना सरकवलं आणि तिला बसवलं. "ही उठायची न्हाई. उठवायची आसंल तर सगळ्या पोरांदेखत तुम्हीच उठवा."

मास्तर पुढं झाले नाहीत. मान खाली घालून हजेरी घेऊ लागले. एकेक नाव, एकेक "हजर". हजेरी संपली, त्यांनी हजेरीपट मिटला. रुबी अजून त्यांच्या तोंडाकडं बघत आपल्या नावाची वाट पाहत होती.

नजमुन्निसा दारातून ओरडली, "आजून एक नाव ऱ्हायलंय, मास्तर! रुबी! लिहा!"