पाऊण वाजेपर्यंत शून्य

आधीच सांगते, भुतंखेतं, संकेत, "मला आतून वाटलंच होतं" यातलं मी काहीही मानत नाही. कुणी असलं सांगायला लागलं की मी "डेटा दाखव" म्हणते, त्यामुळे नातेवाइकांत मी फारशी लाडकी नाही. पण हे माझ्याच शीटमध्ये घडलं...

मी नाशिकची, बेंगळुरूत सहा वर्षं झाली. इंदिरानगरच्या आमच्या ऑफिसात उद्या कुठे किती वीज लागेल याचा अंदाज काढतात, दर पंधरा मिनिटांचा एक आकडा. होसकोटेच्या कारखान्यांच्या एका लाइनवर दुसऱ्या दिवशी दहा ते बारा दुरुस्तीसाठी शटडाऊन होतं. तेवढ्या वेळापुरतं मी शीटमध्ये शून्य भरलं, बारापासून नेहमीचे आकडे. सेव्ह करून उघडलं, तर शून्य थेट पाऊण वाजेपर्यंत! दुरुस्त केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

शेवटी तिथले लाइनमन रामाप्पाअण्णा यांना फोन लावला. ते निपाणीचे, माझ्याशी मराठीतच बोलतात.

"अण्णा, उद्याचं काम लांबणार आहे का?"

"नाही वो अक्का, बाराला संपतंय की. स्वल्पच काम हाय."

मी चौथ्यांदा आकडे बदलले आणि वैतागून, न बघताच शीट तिथल्या सबस्टेशनला पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी बाराला पाच कमी असताना सबस्टेशनच्या ऑपरेटरचा फोन. "मॅडम, काम हो गया, लाइन चालू कर रहा हूँ. पर आपकी शीट में पौने एक तक ज़ीरो क्यों है?"

माझं डोकंच फिरलं. 'ती चूक आहे, करा चालू' हे अगदी ओठांवर आलं होतं. खरंच आलं होतं. का कोण जाणे, मी म्हटलं, "एक बार रामाप्पाअण्णा से खुद पूछ लीजिए."

अण्णा फोन उचलेनात. ऑपरेटरने बाइकवर माणूस पाठवला. अण्णा खांबावर होते, तार हातात! काम संपल्याचं त्याच लाइनवरच्या दुसऱ्या टीमने कळवलं होतं, ते ऑपरेटरने सगळ्यांचंच धरलं. अण्णांना एक इन्सुलेटर तडकलेला सापडला, म्हणून ते थांबले होते. लाइन चालू झाली तेव्हा पाऊण वाजला होता.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "अक्का, तुला कसं कळालं?"

"मला नाही कळलं, अण्णा," म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

आयटीवाल्यांनी शीटची हिस्टरी काढली. माझ्या चारही नोंदी बारापर्यंतच्याच आहेत. पुढची शून्यं कुणीच भरलेली नाहीत. "सिंक इश्यू, दोन कॉपी नीट जुळल्या नसतील," म्हणाले. असेलही... पण नेमका पाऊणच का?

आता शटडाऊन असलं की खांबावर चढण्याआधी अण्णांचा फोन येतो, "अक्का, शून्य किती वाजेपर्यंत हाय?" आकडा मीच भरलेला असतो, हे दोघांनाही माहीत आहे. तरी मी शीट पुन्हा उघडते, नीट बघते, आणि मगच सांगते.