फुकटचा सर्व्हर आणि माझा जवळा

आटपाट डहाणू गाव होतं. किनाऱ्याला एक मासळीवाली म्हातारी राहत होती, तिला जयवंत नावाचा मुलगा होता आणि झरीहून आणलेली हर्षदा नावाची सून होती. म्हातारी म्हणजे मीच. आता काय सांगू तुम्हाला, त्या म्हातारीने केवढा घोळ घातला!

आमच्या ह्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. भिंतीवर फोटो आहे, पण आवाज कुठेच नाही. आणि गळा काय होता! जाळं ओढताना गायले की शेजारच्या होडीतले हात थांबायचे. यंदा श्रावणात नणंदेच्या कपाटात जुनी व्हिडिओ कॅसेट निघाली. होडीच्या नव्या इंजिनाच्या पूजेची. त्यात हे गायलेत!

जयवंतने ती दुकानातून कंप्यूटरात उतरवून आणली. उतरवता उतरवता कॅसेट तुटली ती तुटलीच. म्हणजे ह्यांचा आवाज आता फक्त त्या कंप्यूटरच्या डब्यात! मी बजावलं, "ते गाणं आधी मी एकटीने ऐकणार. मग तुम्ही."

त्या जुन्या कंप्यूटरात जयवंतने घरातली लग्नं, हळदी, बारशी सगळं भरलं. डबा कोपऱ्यात, आणि हवं ते टीव्हीवर. त्याला सर्व्हर म्हणतात. पण त्यात सॉफ्टवेअर कुठलं घालायचं, यावरून घरात जुंपली.

"विकतचं घेऊ," जयवंत म्हणाला. "एकदा पैसे भरले की डोक्याला ताप नाही."

"कशाला? फुकटचंही चांगलं आहे," हर्षदा म्हणाली. "ओपन सोर्स. लोकांनी मिळून केलंय, कोणीही आत उघडून बघावं."

मी मध्ये पडलेच. "अगं पोरी, जन्मभर मासळी विकली मी. दुपार टळल्यावर फुकट मिळते ती मासळी आधी हुंगून बघायची असते!"

"आई, आमच्या झरीला भाताच्या आवणीला, रोपं लावायला, सगळे एकमेकांच्या शेतात उतरतात. पैसे कोण मागतं? म्हणून भात काय शिळा होतो?"

मी मान डोलावली. नाक मात्र मुरडलंच.

फुकटचं बसलं. दुपारी दोघं कामाला गेली की मी टीव्ही लावायचे. पूजा सुरू व्हायची, नारळ फुटायचा, हे घसा साफ करायचे, तोंड उघडायचे… आणि पडदा काळा! दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच!

संध्याकाळी जयवंत लग्नं लावायचा, ती मात्र झोकात चालायची. आता बोला!

"लग्नं चालतात, आणि माझ्या माणसाचंच गाणं गिळतं होय? बघ हर्षदा, फुकटचा माल!"

बाजारात टोपलीमागे बसून मी सगळ्यांना सांगितलं. बातमी फिरत फिरत वाणगावला पोचली तेव्हा तिचं झालं होतं, 'म्हातारीच्या टीव्हीत रोज नवरा येतो, पण बोलत नाही!' एक बाई तर नारळ घेऊन टीव्हीच्या पाया पडायला आली. तिला काय सांगू, कपाळ?

शेवटी जयवंतने विकतचं घातलं. दुपारी लावलं. नारळ फुटला, ह्यांनी तोंड उघडलं… काळोख! पैसे घेऊनही तोंड बंद! आणि या वेळी डबा परत सुरूच होईना.

मी तडक हर्षदाला फोन केला, "पोरी, धावत ये. तुझा सासरा गेला गं!"

"आई, ते तर कधीच…"

"अगं, डब्यातला!"

आली बिचारी. डब्याचे स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि नाकाला पदर लावला.

"आई, हे काय?"

"जवळा."

"तो दिसतोय. आत कसा?"

आता तुम्हीच सांगा, श्रावणात हवा ही अशी दमट. सुकवलेला जवळा, एवढीशी ती कोलंबी, मऊ पडतो. आणि कोपऱ्यात एवढी छान उबदार पेटी! वर भोकं, भोकांतून गरम वारा. मी दुपारी डब्यावर जुना पंचा अंथरून जवळा पसरायचे, संध्याकाळी ती दोघं यायच्या आत उचलायचे. काय कुरकुरीत व्हायचा म्हणून सांगू! तेवढे चार दाणे भोकांतून आत सांडले असतील.

चार कसले? पंख्याच्या पात्यांत अडकून बसले होते!

"आई, पंचा घातला की डबा तापायचा. तापला की जळू नये म्हणून आपणच बंद व्हायचा. आज तर पंखाच अडकला."

"आणि गाणं?" मी तिचा पदर धरला.

तिने ब्रशने जवळा झाडला, बटण दाबलं. पंखा भुर्र! ती हसली. "आहे, आई. सगळं जागच्या जागी आहे."

असं हलकं कधी वाटलं नव्हतं हो! फुकटचं परत घालायला मीच सांगितलं. एकटीने ऐकायचा हट्टही सोडला. संध्याकाळी सगळी टीव्हीपुढे. नारळ फुटला, ह्यांनी तोंड उघडलं आणि गायले! पुरतं गाणं गायले. जयवंत तर लहान पोरासारखा रडला.

गाणं संपलं. हे वळले, नाक फेंदारलं, आणि थेट माझ्याकडे बघून ओरडले, "अगं ए! इंजिन जरा तापलं नाही तोच त्याच्यावर जवळा पसरलास? उचल आधी!"

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

घराला त्यांचा आवाज मिळाला, सुनेला माझी शाबासकी मिळाली, आणि जवळ्याला घट्ट झाकणाचा डबा मिळाला.