दारातल्या माणसाकडे पाहणाऱ्या कमलताई

कमलताई गेल्याचं मला समुद्रपूरच्या एसटी स्टँडवर कळलं. दवाखान्यातली जुनी आया भेटली. "सिस्टर, कमलताई गेल्या ना मागच्या सोमवारी... तुमाले कोनी सांगितलं नाई?" नव्हतं सांगितलं कोणी. लागलेली गाडी मी सोडून दिली आणि बाकावर बसून राहिले.

मी नर्स म्हणून नवी लागले तेव्हा कमलताई वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर होत्या. त्या काळी किडन्या निकामी झालेल्या पेशंटसाठी आमच्या हाती फारसं काही नसायचं. मीठ बंद, पाणी घोट-घोट. तळेगावचे एक शेतकरी काका होते. तोंड कोरडं ठाक, हिरड्यांतून रक्त, श्वासाला लघवीसारखा वास. त्यांची बायको नाकाला पदर लावून दारातच उभी राही. नवरा आतून सडतोय, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

गुळण्यांसाठी मी काकांच्या हाती पेला द्यायची आणि दुसऱ्या खाटेकडे वळायची. पेला रिकामा दिसला की मी खूश! पायांवरची सूज वाढली तेव्हा कमलताईंनी थुंकायचं भांडं पाहिलं. कोरडं! गुळणीचं पाणी काका गिळून टाकत होते. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तहानेल्या मान्साच्या हाती पेला देऊन पाठ फिरवतं काय, पोरी? चूक त्याची नाई." इतकी शरम मला पुन्हा कधी वाटली नाही.

मग त्या बोटाला ओलं, पिळलेलं फडकं गुंडाळून स्वतःच काकांचं तोंड पुसायला बसल्या. काकांनी ओठ घट्ट मिटले. "माह्या उष्ट्या तोंडात परक्या बाईनं बोट घालाचं? मले पाप लागन."

"मंग घरच्या बाईले बोलवू?" असं म्हणत त्या दाराकडे गेल्या. "काकू, सडले नाई ते. किडनीनं बाहेर टाकाची घान रक्तात राह्यली, तिचा वास हाय. या, मी दाखवतो."

काकू आल्या. फडकं बोटाला गुंडाळलं. हिरडीला न दुखवता, हळूहळू पुसत गेल्या. काकांनी डोळे मिटूनच विचारलं, "वास येते काय वं?"

"येते," त्या म्हणाल्या. "पन बसली ना मी."

आठवडाभरानं काका गेले. त्यांना वाचवणं कुणाच्याच हातात नव्हतं. पण शेवटी काकू उशाशी होत्या, एवढं कमलताईंनी केलं... मला तर आधी ते काम वाटलंच नव्हतं.

आता मीच मोठी सिस्टर आहे. वॉर्डात शिरले की खाटांआधी दाराकडे पाहते. कोणी नाकाला पदर लावून उभं असलं, तर पेशंटच्या उशाशी स्टूल ओढते आणि म्हणते, "या, बसा."