खाप्याच्या शाळेतली पृथ्वी

पुण्याहून निघताना बायकोने विचारलं, "निवृत्त झाल्यावर आता नागपूरला तुमचं काय ठेवलंय?" मी म्हणालो, "एक माफी मागायची राहिलीय." तिला वाटलं, मी नेहमीसारखा तिरकस बोलतोय. तिने दशम्या बांधून दिल्या आणि पिशवीत कानटोपी कोंबली. एकोणीसशे सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि डिसेंबरची थंडी होती.

सकाळी नागपूर आलं. परीक्षक म्हणून मी इथे पाच-सहा उन्हाळे काढले होते, पण गावाकडे कधी डोळे उघडून पाहिलं नव्हतं. भूगर्भशास्त्राच्या माणसाला खरं तर इथे पंचपक्वान्नाचं ताट वाढलेलं आहे. सीताबर्डीच्या टेकडीवर लाव्हारसाचा काळा फत्तर, पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना पट्टेदार खडक, कामठीच्या बाजूला कोळसा. मी मात्र पंख्याखाली बसून गुण देत असे. स्टेशनबाहेर तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा) खाल्ले, नाकाडोळ्यांतून पाणी काढलं आणि कॉलेजात गेलो.

प्रयोगशाळेतला जुना शिपाई अजून होता. वामन गजभिये नावाचा विद्यार्थी आठवतो का, असं मी विचारलं.

"तो दगडातलं पान घेऊन आलता, तोच पोट्टा (मुलगा) ना? खाप्याले मास्तर हाये तो आता," तो म्हणाला. मग माझ्याकडे निरखून पाहत त्याने विचारलं, "पन तुमाले काहून (कशासाठी) पायजे?"

काहून, ते इथेच सांगून टाकतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी याच खोलीत तोंडी परीक्षेत मी गजभियेला विचारलं होतं, हिमालय कसा झाला? उत्तर ठरलेलं होतं: पृथ्वी थंड होत आकसली, तिच्या सालीला सुरकुत्या पडल्या, तेच पर्वत. तो म्हणाला, "भारत दक्षिणेकडून सरकत आला आणि आशियाला धडकला, सर." खिशातून त्याने कामठीच्या खाणीतला दगड काढला. त्यावर एक पान उमटलेलं होतं. असंच पान आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात सापडतं, म्हणजे या जमिनी एकेकाळी जोडलेल्या असणार, असं त्याचं म्हणणं. मी म्हणालो, "आणि एवढा देश ढकलला कोणी? तुझ्या वडिलांनी?" सगळे हसले. त्याचे वडील इतवारीच्या बाजारात हातगाडी ढकलत, हे मला मागाहून कळलं. मी त्याला नापास केलं.

नंतर समुद्रतळाचे नकाशे निघाले. पृथ्वीचं कवच मोठमोठ्या तुकड्यांचं आहे. खालच्या तापलेल्या थरावरून ते तुकडे वर्षाला बोटाचं नख वाढावं तेवढे सरकतात. दोन भूखंड एकमेकांना भिडतात तिथे पर्वत उचलले जातात. हे जगाने मानलं, तसं मीही मानलं. माझ्या टिपणांची पानं फाडून नवी लिहिली. त्या मुलाचं पुढे काय झालं, हे मात्र विचारलं नाही.

खापा या गावी जाताना सावनेरला बस बदलायची होती. मी झोपलो आणि पुढे गेलो. कंडक्टर वैतागला. "काहून झोपले जी तुमी? आता उतरा अन् उलटी गाडी धरा." तासभर रस्त्याकडेला उभा राहिलो. समोर संत्र्यांची बाग होती, झाडं वाकली होती. एरवी मी वहीत चार ओळी लिहिल्या असत्या. त्या दिवशी वही पिशवीतून काढलीच नाही.

दुपारी शाळा सापडली. वर्गाच्या दारात पोचलो तेव्हा गजभिये गुरुजी शिकवत होते. त्यांच्या हातात वाळून खडखडीत झालेलं संत्रं होतं.

"पृथ्वी थंडी झाली, आकसली, अन् सालीले अशा सुरकुत्या पडल्या. हेच पर्वत," ते म्हणाले. मुलांनी एका सुरात ते म्हटलं.

मला पाहून ते थबकले. मग येऊन त्यांनी वाकून नमस्कार केला, आणि मुलांना म्हणाले, "हे माझे सर." मला तिथून पळून जावंसं वाटलं.

शाळा सुटल्यावर ते मला घरी घेऊन गेले. निळी भिंत, तिच्यावर बुद्धाची तसबीर. त्यांच्या पत्नीने भाकर आणि वांग्याची भाजी वाढली.  मी म्हणालो, "गजभिये, तुमचं बरोबर होतं. मी चुकलो. माफी मागायला आलोय."

"मले माहीत हाये, सर. मासिकात वाचलं मी."

"मग हे संत्रं कशाला?"

"पुस्तकात तेच हाये. पेपर तपासणारा पुस्तक पाहूनच मार्क देते. इथली पोरगी एकदा नापास झाली का तिले घरी बसवते. खरं मी सांगीन, अन् नापास ते पोरगी होईल."

"मी वर लिहितो. पुस्तक बदलायला लावतो."

"लिहा ना," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं," मी म्हणालो.

"एकच वर्ष गेलं, सर. दुसऱ्या वर्षी तुमीच तं आलते. तोच प्रश्न इचारला. मी सुरकुत्या सांगतल्या. तुमी माझ्या पाठीवर हात ठेवला अन् म्हनले, 'शाब्बास! आता कसं शहाण्यासारखं बोललास.'"

परतीच्या गाडीत मी ते दुसरं वर्ष आठवत बसलो. पहिल्या वर्षाचा शब्द न् शब्द आठवतो. माझा हा अपराध मी इतकी वर्षं जपला, आणि तो जपल्याचा थोडा अभिमानही बाळगला. घरी आल्यावर पुस्तकाबद्दल पत्र पाठवलं. उत्तर आलेलं नाही, येईलसं वाटतही नाही. नापास झाला त्या दिवशी तो मुलगा खरं बोलून माझ्यासमोरून उठला होता. पास झाला त्या दिवशी त्याच्या पाठीवर माझा हात होता, आणि ते मला काही केल्या आठवत नाही.